परतीचा पत्ता

मी सी भाषेत छोट्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. राहते मांडा-टिटवाळ्यात, नोकरी ऐरोलीला. सकाळची गाडी टिटवाळ्याहूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते आणि ठाण्याला गाडी बदलेपर्यंत कुणी हाक मारत नाही. अंगारकीला फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तो दिवस सोडून द्यायचा. एरवी याच वेळात मी ‘रिटर्न ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’, थोडक्यात आरओपी, शिकत गेले. प्रोग्रॅममध्ये मेमरीची एखादी गफलत राहून गेली असेल, तर ती धरायची, त्याच प्रोग्रॅमच्या आतले तुकडे एकापुढे एक लावायचे आणि त्याच्या कर्त्याच्या ध्यानीमनी नसलेलं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, असं हे तंत्र. ते हल्ल्यासाठी जन्मलं. पण ते समजल्याशिवाय बचावाचं कोड नीट लिहिता येणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. शिकताना जे जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. प्रोसेसरला आपला हेतू कळत नाही, मेमरीत काय आहे तेवढंच कळतं. वाक्य साधं आहे, पण ते डोळ्यांनी पाहणं वेगळं. फंक्शन बोलावलं की काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता स्टॅकवर ठेवला जातो, आणि त्याच्याच शेजारी त्या फंक्शनची स्वतःची जागा असते. ‘आरओपी एम्पोरियम’ नावाचा एक सरावसंच आहे. त्यातल्या पहिल्या कोड्यात ३२ बाइटांच्या जागेत ५६ बाइट वाचून घेतले जातात. त्या जागेचे ३२, मग आधीच्या फ्रेमचा पत्ता ८, असे ४० बाइट भरले की पुढचे ८ बाइट थेट परतीच्या पत्त्यावर जाऊन बसतात. मी नुसते कॅपिटल ‘ए’ भरले आणि जीडीबी या डीबगरमध्ये पाहिलं. प्रोग्रॅम ‘रेट’ या परतीच्या आज्ञेवर थांबलेला होता आणि स्टॅकच्या टोकाला ४१४१४१४१४१४१४१४१ लिहिलेलं होतं. ‘ए’चा षोडशमान आकडा ४१. माझी अक्षरं प्रोसेसर पत्ता म्हणून वाचत होता. इतकी वर्षं सी लिहिताना ‘रिटर्न’ हा शब्द मी रोज टंकला, पण परत जायचं कुठे हे कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ते खोडताही येतं, हे मी पाहिलं नव्हतं.

२. प्रत्येक बंदोबस्त कोणत्या तरी एका गृहीतकावर उभा असतो, आणि हल्ला त्या गृहीतकावर होतो. याचा इतिहास मला एखाद्या बखरीइतका गुंगवून गेला. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्मने ‘फिंगर’ सेवेतला ५१२ बाइटांचा बफर ओसंडून टाकला. १९९६ मध्ये ‘फ्रॅक’ मासिकात ‘अलेफ वन’ या टोपणनावाने स्टॅक फोडण्याची रीत पायरीपायरीने छापून आली. तोवर बाहेरून आपलं कोड आत टाकायचं आणि तेच चालवायचं, असा शिरस्ता होता. त्यावर उपाय निघाला तो असा, की ज्या मेमरीत डेटा आहे ती चालवूच द्यायची नाही. विंडोज एक्सपीच्या २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून तो घरोघरी पोचला. उपाय चोख वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती: वाईट काम करायला वाईट कोड बाहेरूनच यावं लागतं. १९९७ मध्येच ‘सोलर डिझायनर’ने दाखवलं होतं की परतीचा पत्ता थेट सिस्टिमच्या लायब्ररीतल्या फंक्शनचा दिला तरी भागतं. मग त्या लायब्ररीतून धोकादायक फंक्शनं काढून टाकली तर? २००७ मध्ये होवाव शाखम यांनी शोधनिबंध लिहून त्याचंही उत्तर दिलं. पूर्ण फंक्शन लागतच नाही. ‘रेट’ने संपणारे दोन-तीन आज्ञांचे तुकडे पुरतात. अशा तुकड्याला ‘गॅजेट’ म्हणतात. स्टॅकवर त्यांचे पत्ते ओळीने मांडले की एकाचा ‘रेट’ दुसऱ्याकडे नेतो, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, आणि त्यातून वाटेल तो हिशेब करता येतो. बाहेरून एकही आज्ञा आत आणलेली नसते.

३. जे लिहिलेलंच नाही तेही वाचता येतं. आमच्या गावच्या घरी जमिनीचे काही जुने कागद मोडीत आहेत. आधी ओळभर रेघ ओढलेली, खाली अक्षरं लटकवलेली, शब्दांमध्ये जागा नाही. शब्द कुठे सुरू होतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. इंटेलच्या प्रोसेसरची यंत्रभाषा तशीच सलग आहे. कुठली आज्ञा एका बाइटची, कुठली अनेक बाइटांची, आणि मध्ये खूण काहीच नाही. ४१, ५एफ, सी३ हे तीन बाइट घ्या. पहिल्यापासून वाचलं तर ‘पॉप आर१५, रेट’. एक बाइट सोडून वाचलं तर ५एफ, सी३, म्हणजे ‘पॉप आरडीआय, रेट’. ६४-बिट लिनक्सवर फंक्शनला दिलेला पहिला आर्ग्युमेंट आरडीआयमध्येच जातो, म्हणजे साखळी गुंफणाऱ्याला सर्वांत आधी हाच तुकडा हवा असतो. कर्त्याने तो लिहिला नाही, कंपायलरला तो ठाऊक नाही, तरी तो तिथे आहे. हे तीन बाइट मी आंबिवलीच्या आसपास पाहिले आणि ठाकुर्ली गेलं तरी पडद्यावरून नजर हलली नाही. ‘आरओपीगॅजेट’ किंवा ‘रॉपर’ हे प्रोग्रॅम एका आज्ञेसरशी अशा तुकड्यांची यादी काढून देतात. पण माझं म्हणणं असं, की पहिले काही हातानेच शोधावेत. यादी आयती मिळाली की आश्चर्य हातचं जातं, आणि इथे आश्चर्य हाच अभ्यासाचा गाभा आहे.

(सगळं या सलगपणावरच अवलंबून आहे, असं मात्र नाही. स्पार्क प्रोसेसरवर प्रत्येक आज्ञा चार बाइटांचीच असते, मधूनच सुरुवात करता येत नाही. शाखम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथेही हे जमवून दाखवलं.)

४. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेलं काहीच वाया जात नाही. आम्ही ८०८५ प्रोसेसरच्या किटवर षोडशमान कळपाटीने एकेक बाइट भरायचो. तेव्हा पाठ झालेला सी९, म्हणजे ‘रेट’, अजून डोक्यात आहे. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरवर तो सी३ झाला. पण २००९ चा एक शोधनिबंध वाचताना माझा जुना सी९ पुन्हा भेटला. न्यू जर्सीत वापरात असलेलं ‘एव्हीसी अ‍ॅडव्हांटेज’ हे मतदानयंत्र झेड८० प्रोसेसरवर चालायचं, आणि झेड८० ला ८०८५ आधीच्या ८०८० च्या आज्ञा कळतात, त्यामुळे ‘रेट’ तोच. या यंत्राची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. आज्ञा फक्त रॉममधून वाचायच्या. रॅममधून वाचायचा प्रयत्न झाला तर यंत्र थांबणार. म्हणजे आपलं कोड आत घालायचा मार्गच नाही. सॅन दिएगो, प्रिन्स्टन आणि मिशिगनच्या संशोधकांनी सरकारी लिलावातून निघालेलं यंत्र अभ्यासलं, मूळ सोर्स कोड न पाहता. रॉममध्ये कोरलेल्या, कधीही न बदलणाऱ्या प्रोग्रॅममधलेच तुकडे जोडून त्यांनी मतं फिरवून दाखवली. तो निबंध वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. आम्ही बनवतो त्या यंत्रांतही प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये कुलूपबंद असतो, आणि ‘तो बदलताच येत नाही’ हे वाक्य आमच्या बैठकांत समाधानाने उच्चारलं जातं. बदलावा लागतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

५. सगळं बरोबर असूनही साखळी तुटते, आणि त्याचं कारण भलतीकडेच असतं. पत्ते बरोबर, क्रम बरोबर, बाइट उलटे मांडलेले, तरी ‘सिस्टिम’ फंक्शनच्या आत शिरून प्रोग्रॅम कोसळतो. शिकणाऱ्या बहुतेकांना हे भोगावं लागतं. आत ‘मूव्हॅप्स’ नावाची एक आज्ञा असते, आणि तिला स्टॅकचा पत्ता १६ ने भाग जाणारा हवा असतो. आपल्या साखळीने तो आठने सरकलेला असतो. उपाय म्हणजे मध्ये एक नुसता ‘रेट’ घालायचा, जो काहीच करत नाही, फक्त आठ बाइट पुढे नेतो. काही न करणारी ती एक आज्ञा घातली आणि शेलची कोरी खूण समोर आली, तेव्हा मला झालेला आनंद शेजारच्या सीटवरच्या बाईंनाही कळला असावा. त्यांनी विचारलं, “लागला का रिझल्ट?”

६. ही विद्या मराठीत सांगायला लागलं की आपल्याला किती कळलंय ते कळतं. माझी भाची डिप्लोमाला आहे, कल्याणला राहते. टर्बो सीमध्ये ‘गेट्स’ने नाव वाचायचा प्रोग्रॅम तिला प्रयोगवहीत लिहायचा होता. मी तिला सांगितलं की १९८८ मध्ये मॉरिस वर्म ज्यातून शिरला ते हेच फंक्शन. किती अक्षरं येणार हे ते विचारतच नाही.

“मग मावशी, काढून का नाही टाकलं?”

काढलं, पण २०११ च्या सी मानकात. तेवीस वर्षांनी. ती गप्प बसली, मग म्हणाली, “आणि आमच्या जर्नलमध्ये अजून आहेच.” तिने शेजारी ‘एफगेट्स’ची आवृत्ती लिहिली आणि दोन्ही छापून जोडल्या.

७. मी हे शिकते असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न बँकेचा विचारतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तेव्हापासून तर हमखास. तिथे एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी बनावट व्यवस्था उभी केली होती. सगळे हल्ले मेमरीतूनच होतात असं नाही, हे मी सांगते. आणि हेही सांगते की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं आहे. सराव आपल्याच लॅपटॉपवर, सरावासाठीच बनवलेल्या प्रोग्रॅमवर. त्यापलीकडे शिकायचं असेल तर आपल्याकडे उघड, सन्मानाचे रस्ते आहेत: गोव्यात २०१० पासून भरत आलेली ‘नलकॉन’ परिषद, किंवा कुठे दोष सापडलाच तर तो कळवायला ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा.

८. हल्ल्याचा निबंध हाच दुरुस्तीचा अर्ज असतो. सरावसंचातल्या शेवटच्या कोड्याचं नाव ‘रेट२सीएसयू’. लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या तयारीचं एक छोटं फंक्शन आपोआप जोडलं जायचं, आणि त्याच्या शेपटाशी हवे ते रजिस्टर भरणारे तुकडे आयते मिळायचे. तिसऱ्या मुद्द्यातले ते तीन बाइट तिथलेच. दोन स्पॅनिश संशोधकांनी २०१८ मध्ये यावर निबंध मांडला. २०२१ मध्ये आलेल्या, ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीत ते फंक्शन प्रोग्रॅममधून गेलं, आणि बदलाच्या नोंदीत त्या निबंधाचा नावानिशी उल्लेख आहे. ही नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली. लपवून ठेवलं असतं तर ते फंक्शन अजून तिथेच असतं. प्रोसेसर बनवणारेही कामाला लागले. इंटेलच्या २०२० नंतरच्या प्रोसेसरांत परतीच्या पत्त्याची दुसरी प्रत वेगळ्या, संरक्षित स्टॅकवर ठेवायची सोय आली. ‘रेट’च्या वेळी दोन्ही जुळले नाहीत तर काम तिथेच थांबतं. आरओपीच्या मुळावर घातलेला हा घाव आहे.

आम्ही वापरतो त्या छोट्या चिपमध्ये यातलं काही नाही. सहकाऱ्यांचे बदल तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा ‘मेमकॉपी’ दिसला की त्याला दिलेली लांबी कुठून आली, हे मी विचारते. ती बाहेरून आलेल्या पाकिटातलीच असेल तर बदल परत जातो, मग रिलीजची तारीख कितीही जवळ आलेली असो. सुरुवातीला यावर कुरकुर व्हायची. मग एका दुपारी मी त्यांना जेवणानंतर थांबवून घेतलं, आमच्याच बोर्डावर चाळीस ‘ए’ पाठवले आणि पुढचा पत्ता त्यांना निवडायला सांगितला.