उल्काभांची घनता : शब्द आणि मोजमाप

आकाशात क्षणभर उमटणारी रेघ ती उल्का आणि जमिनीवर सापडणारा दगड तो अशनी. पण वातावरणात शिरण्याआधी अवकाशात फिरणाऱ्या त्याच कणाला काय म्हणावे? उल्काभ हा शब्द मला त्यातल्या त्यात सोयीचा वाटतो. अवकाशयानाची गाठ पडते ती याच्याशी. १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून सेकंदाला सुमारे ६८ किलोमीटर सापेक्ष वेगाने जाताना 'जोत्तो' या युरोपीय यानाला अशाच एका कणाची धडक बसली आणि पृथ्वीशी त्याचा संपर्क काही काळ विस्कळीत झाला.

कवच किती जाड हवे, हे कणाचा आकार, वेग आणि घनता यांवर ठरते. (आपल्या भाषेत घन म्हणजे ढग, घन म्हणजे घट्ट आणि घन म्हणजे तिसरा घातही; 'घनसेंटिमीटरला किती ग्रॅम' असे म्हणताना साहित्याचा अध्यापक थोडा अडखळतोच.) दोन ठिकाणांहून एकाच उल्केची छायाचित्रे घेतली की वेग कळतो. घनता मात्र थेट मोजता येत नाही, ती अनुमानाने काढावी लागते. तेजावरून वस्तुमान काढतात. वस्तुमान तेवढेच असूनही कण फुसका असेल, तर त्याचा आकार मोठा असतो, हवा त्याला अधिक अडवते आणि तो लवकर मंदावतो. म्हणून तेज आणि मंदावणे एकत्र मांडले की घनता हाती येते.

सुरुवातीच्या छायाचित्रांवरून निघालेले आकडे फारच कमी होते. १९५५ मध्ये लुइजी याकिया यांनी त्याचे कारण दाखवले : कण वाटेतच फुटत जातो. एक खडा भिरकावला तर तो दूर जातो, मूठभर तांदूळ मात्र जवळच पडतात. फुटणे हिशेबात धरले नाही, तर कण असतो त्याहून फुसका भासतो आणि त्या आकड्यावर बेतलेले कवच अपुरे पडण्याचा धोका राहतो.

शिवाय सगळे कण सारखे नाहीत. ऑक्टोबरातल्या ड्रॅकोनिड वर्षावाचे कण पाण्यापेक्षाही बरेच हलके. डिसेंबरातल्या जेमिनिडांची घनता घनसेंटिमीटरला अडीच ते तीन ग्रॅमच्या आसपास. तेजाचा हिशेबही पक्का नाही. कणाच्या ऊर्जेतला किती अंश प्रकाशात उतरतो, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. म्हणून यानाच्या आराखड्यासाठी घनतेचा एकच आकडा धरण्यापेक्षा पल्ला धरणे मला अधिक सयुक्तिक वाटते.