स्वतःला धरून मोज

अगं, परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला आणि तू एवढंच म्हणालीस, "ताई, मी कुणालाच पुरत नाही गं." पुढे नुसते हुंदके. तिकडे मागून कुणीतरी पाणी मागत होतं, इकडे जुळ्यांपैकी एकीला स्वप्न पडलं होतं. धड बोलणं झालंच नाही. आज दळण गिरणीत टाकून आलेय, सासूबाई पडल्यात, पोरं शाळेत आहेत. तासभर मिळेल, म्हणून लिहायला बसले.

पहिलं सांगते. तू पुरत नाहीस, हे खरंच आहे. मीही पुरत नाही. आपल्या आजीचं सगळे कौतुक करतात ना, एकटीनं एवढा खटला ओढला म्हणून? एकटीनं कुठला! मागे दोन चुलतसासवा होत्या, माहेरी परत आलेली नणंद होती, वाड्यातल्या शेजारणी होत्या. त्या जन्मभर राबल्या आणि नाव आजीचं झालं. तुझ्याकडे सासू-सासरे धरून आठ माणसं, त्यात तिसरं बाळ चार महिन्यांचं, दिराची परीक्षा, आणि चिंचवडच्या त्या दोन खोल्या. पुरशील कशी? तेव्हा ते रडणं आधी थांबव. पुरण्याचा नाद सोडला की बाकीचं सुचायला लागतं.

आता मी काय करते ते ऐक. यातलं बरंचसं चुकून शिकलेय.

आमच्याकडे सहा पोरं. माझी थोरली चौदाची, मधला अकराचा, जुळ्या सातच्या. जावेचा दादू नऊचा आणि शेंडेफळ चार वर्षांचं. पूर्वी रोज सकाळी "माझा टॉवेल कुणी घेतला" यावरून महाभारत व्हायचं. मग मी प्रत्येकाला एक रंग लावून दिला. टॉवेलच्या कोपऱ्याला, स्वेटरच्या आत, डब्याच्या पिशवीला त्याच रंगाच्या दोऱ्याचे चार टाके. मधल्याचा हिरवा, शेंडेफळाचा केशरी. पायमोजे मात्र उलट, सगळ्यांचे एकाच रंगाचे. जोडी शोधायची भानगड नाही, हाताला लागतील ते दोन घालायचे आणि पळायचं. आणि रिकामा डबा ज्याचा त्यानं मोरीत नेऊन विसळायचा. चार वर्षांचं शेंडेफळसुद्धा विसळतं. निम्मं पाणी फ्रॉकवर जातं, जाऊ दे.

दुसरी आमची खिळ्याची वही. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली, दोरीला पेन्सिल बांधलेली. ती कशी आली ते आईलाही सांगितलेलं नाही. जुळ्या तीन वर्षांच्या असताना दोघींना एकदमच ताप आला. मी धाकटीला तापाचं औषध पाजलं आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली जावेनं त्याच धाकटीला परत पाजलं, मोठी तशीच राहिली. तिला वाटलं, ही मोठी. तासाभरानं दोघी बोलायला लागलो तेव्हा माझे हातपाय गळाले. डॉक्टरांना फोन केला, रात्रभर उशाशी बसलो, निभावलं. चूक जावेची नव्हती. दोघींनी सांभाळायचं म्हटल्यावर सांगायचं कुणी कुणाला, हे ठरलंच नव्हतं. तेव्हापासून कुणाला, काय, किती आणि किती वाजता दिलं, ते पाजणाऱ्यानं तिथल्या तिथं लिहायचं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत चार ते सहा तास जायला हवेत आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर आहे. लसींच्या तारखाही त्यातच. तुझ्या बाळाची गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, आणि थोरलीला पाच वर्षांचा बूस्टर. कार्डं शोधून आजच एका पिशवीत घाल. तिसऱ्याच्या वेळी आपल्याला वाटतं सगळं पाठ आहे, आणि तिथंच घोटाळा होतो.

हे झालं घराचं. आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शेंडेफळ तेव्हा व्हायचं होतं, जुळ्या दोनच्या होत्या. सकाळी मी पोळपाटाशी असले की नऊ वर्षांची थोरली पाटावर उभी राहून ओट्यावरचं दूध पेल्यांत ओतायची. मुलं पाच, पेले पाच. ती चारच भरायची. विचारलं की म्हणायची, "मला नाही आवडत दूध." मी म्हटलं असेल बाई, एकेकाची आवड. वर जावेला अभिमानानं सांगायचे, आमची थोरली म्हणजे दुसरी आईच.

मग त्या मे महिन्यात आपण सगळ्या आईकडे होतो, आठवतं? आईनं तिच्यापुढे तुडुंब पेला ठेवला. पोरीनं तो एका दमात रिकामा केला, ओठांवरची मिशी पुसली आणि हळूच विचारलं, "आजी, अजून आहे?" दुसराही संपवला. आईनं माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही, पण मला ते बघणं अजून टोचतं.

रात्री गच्चीवर मी तिला विचारलं. म्हणाली, "सगळ्यांना पुरलं नसतं ना. तू पण नाही घेत."

तू पण नाही घेत. अगं, मी सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे. कढई खरवडून, भाकरीचा तुकडा फिरवून, कधी उभ्यानंच. यात मी काही शिकवतेय असं वाटलंच नव्हतं. पण पोरगी पाटावर उभी राहून रोज बघत होती, की या घरात शहाणी बाई ती, जी स्वतःला शेवटी मोजते. तिला मी कौतुकानं दुसरी आई म्हणत होते, आणि तिचं लहानपण बिनबोभाट खर्ची पडत होतं. मोठ्या घरात थोरल्या मुलीचं हे फार सहज होतं. म्हणून तुझ्या थोरलीकडे बघ. ती बाळाला मांडीवर घेते तेव्हा शाबासकी दे, पण तिनं ते खाली ठेवून खेळायला जायचं म्हटलं तर अडवू नकोस.

घरी आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. अर्धा लिटर रतीब वाढवला. आणि रविवारी दुपारी दोन ते चार थोरलीला कुणी हाक मारायची नाही, असा नियम केला. सासूबाई कुरकुरल्या, "पोरीच्या जातीला एवढं कशाला?" पण यांनी लावून धरलं. मला वाटलं, पोरगी आता चित्रं काढेल, वाचनालयातून पुस्तकं आणेल. पहिले तीन रविवार ती नुसती झोपली.

आता जरा हसण्यासारखं सांगते. यंदा पौषात आम्ही सगळे पालीच्या खंडोबाला गेलो होतो. कराडच्या स्टँडवरून एसटीनं, अकराच्या अकरा. आमचा मधला गणितात जेमतेम, हे तुला ठाऊक आहे. बाईंनी वहीत लाल शेरे मारून ठेवलेत. कंडक्टरनं विचारलं, "किती जण?" हे खिशात पाकीट शोधतायत तोवर मधला बोटं मोडत सुरू झाला. "आजी अठ्ठ्याहत्तरची, ती फुकट. छोटी चारची, ती फुकट. बाबा आणि काका दोन फुल. आई, काकू, ताई बायका म्हणून अर्ध्या. मी, दादू आणि या दोघी बारा वर्षांच्या आतले, आम्ही पण अर्धे. सात हाफ. म्हणजे साडेतीन. काका, अकरा माणसं आणि साडेपाच तिकिटं. बरोब्बर निम्मी!" कंडक्टर मशीनवर बोट ठेवून बघतच राहिला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून लागतं, पण त्याचा हिशेब असा घडाघडा मांडलेला त्यानंही ऐकला नसावा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शंभरपैकी शंभर पडले असते तरी आलं नसतं.

परत येताना खरी गंमत झाली. यात्रेतून निघालो तर सगळ्यांची तोंडं भंडाऱ्यानं पिवळी. कोण आपलं, कोण परकं, काही कळेना. स्टँडवर ही गर्दी. मी मोजलं, दहा. परत मोजलं, दहा. काळजात धस्स झालं. शेंडेफळ जावेच्या कडेवर, जुळ्या थोरलीच्या हाताला, मग राहिलं कोण? मी ओरडायच्या बेतात, तेवढ्यात मधला शांतपणे म्हणाला, "आई, तू स्वतःला धरलं नाहीस."

भाऊजी पोट धरून हसले, मीही हसले. पण तिकिटं काढताना त्या पोरानं मला आठवणीनं धरलं होतं आणि मी मात्र माझ्याच मोजदादीत नव्हते, हे घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

तू निदान कागदावर तरी धरली गेलीस. तुझं बाळ 1 मे 2024 नंतरचं. त्याच्या नावापुढे आधी तुझं नाव, मग जावईबापूंचं, मग आडनाव. आता सरकारी कागदावर तसंच लिहायचं असतं. तुझ्या थोरलीनं विचारलं होतं ना, "मग आमच्या नावात आई का नाही?" तू हौसेनं दाखल्याचा फोटो पाठवलास, मी सगळ्या गल्लीला दाखवला. पण बाई, दाखल्यावर नाव आलं म्हणून ताट आपोआप वाढलं जात नाही. ते तुझं तुलाच घ्यावं लागेल. आजपासून सगळ्यांबरोबर बस. वाढायचं पातेलं मध्ये ठेव, ज्याला हवं त्यानं घ्यावं. सासूबाई चार दिवस बोलतील. आमच्याही बोलल्या. आता मी बसले नाही तर त्याच हाक मारतात.

आणि एक राहिलंच. गेल्या रविवारी तीन वाजता पाहुणे आले. मी सवयीनं थोरलीला हाक मारली, "जरा चहा टाक गं." आतून आवाज आला, "आई, अजून चार वाजले नाहीत." पाहुणीनं भुवया उंचावल्या. मी उठले आणि चहा टाकला. साखर घालताना माझं मलाच हसू येत होतं. पोरगी शहाणी झाली.

पेले आताही तीच भरते, सहाच्या सहा. आणि हल्ली ओट्यावर सातवा असतो. तो माझा.

दळण आणायची वेळ झाली. रात्री फोन कर, पण जेवून कर.

तुझी,
ताई