थंडीच्या तयारीत (गीता २.१४)



आज दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी स्पर्श झाला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं, टिकत नाही, म्हणून ते सहन कर. यातल्या 'सहन कर'ला गीतेचा शब्द आहे तितिक्षा. ही तितिक्षा म्हणजे दात-ओठ खाऊन गप्प बसणं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. प्रॉडक्शन बंद पडलं की रात्री दोन वाजता मी बसतो तसं.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. आई मे महिन्यात आली आणि इथला फ्रॉस्टचा धोका संपल्यावर तिनं मागच्या अंगणात डेलिया, झिनिया आणि दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू लावला. ऑगस्टपासून नुसता रंगांचा दंगा! तळहाताएवढे लालभडक आणि हळदीसारखे पिवळे डेलिया. डेलियाला वास नाही, त्यामुळे तो देवाला चालतो का, यावर आईनं पहिल्या दिवशी जरा विचार केला. मग "एवढा रंग बघून देव काही म्हणणार नाही" असं ठरवून परडी भरली.

जुलैमध्ये ती एकदा सहज बोलली होती, "ही माझी शेवटची खेप हं. गुडघे ऐकत नाहीत आता." मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "बघू गं."

ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी मोबाईलवर फ्रॉस्टचा इशारा आला. आईनं अंधार पडेपर्यंत फुलं खुडली. तांब्या, पातेली, माझा कॉफीचा मग, सगळं भरलं. तुळस तर रात्री गारठा पडायला लागल्यावर, सप्टेंबरअखेरच आत आणली होती. सकाळी गवतावर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं होतं आणि डेलियाची पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. आई खिडकीशी बराच वेळ उभी होती.

मी तिला सांगितलं की झाड मेलेलं नाही, जीव खाली कंदात आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोकडचा. आमच्याकडे जमीन गोठते आणि त्यात कंद राहिला तर मरतो. गेल्या वर्षी रिलीजच्या गडबडीत मी ते काढलेच नाहीत. वसंतात उकरलं तर हाताला नुसता लगदा लागला. म्हणून या शनिवारी दोघं मिळून बसलो. देठ वीतभर ठेवून कापले आणि बुंध्यापासून फूटभर लांब काटेफावडं घालून गड्डा हलकेच उचलला. मे महिन्यात एक कंद लावला होता, आता रताळ्यांसारखा सात-आठांचा झुबका! माती धुतली, दोन दिवस सावलीत वाळवले. वाटून घेताना एक गोष्ट सांभाळायची: बटाट्याला डोळे सगळीकडे असतात, डेलियाला मात्र फक्त देठाजवळच्या मानेवर. मान तुटली की कंद कितीही जाडजूड असो, उगवत नाही.

आईनं विचारलं, "मग ट्यूलिपचे का नाही काढायचे?" कारण ट्यूलिपला ही थंडी लागतेच. बारा ते सोळा आठवडे गारठा मिळाला नाही तर तो धड फुलत नाही. त्याचे कंद आपण उलट आत्ताच वीतभर खोल पुरतो. गुलाब जागेवरच राहतो, फक्त थंडी पक्की झाली की बुंध्याशी मातीचा ढीग करायचा. झेंडू जातो, पण सुकलेल्या फुलात बी ठेवून जातो. थंडी एकच, पण प्रत्येकाची सोसायची रीत वेगळी, आणि माळ्याला ती ओळखून वेळेत हात चालवावे लागतात. मी गेल्या वर्षी केलं ती तितिक्षा नव्हती, तो निष्काळजीपणा होता. अर्जुनालाही हे ऐकवलं जातं ते त्यानं धनुष्य खाली ठेवल्यावर, आणि 'सहन कर'नंतर त्याला बसून राहायला कुठेच सांगितलेलं नाही.

याच्या आधीच्याच श्लोकात बालपण, तारुण्य, म्हातारपण यांची गोष्ट आहे. तो मी वाचून पुढे गेलो होतो.

कंद लाकडाच्या भुशात ठेवताना आई प्रत्येकावर मार्करनं लिहीत होती: 'पिवळा', 'लाल मोठा', 'कुठला ते आठवत नाही'. मी विचारलं, "खरंच शेवटची खेप?" ती म्हणाली, "हो रे. सोळा तास बसवत नाही आता." या वेळी मी 'बघू' म्हटलं नाही. दर वर्षी डिसेंबरात आम्ही पुण्याला येतो ते आठवडाभरासाठी. या वेळी महिनाभर येऊ, तिथून काम करायची परवानगी सोमवारी मागतो, असं सांगितलं. ती काही बोलली नाही, खोक्याच्या झाकणावर लिहीत राहिली: 'महिन्यातून एकदा बघणे. कुजलेला लगेच काढणे. सुरकुतला तर थोडं पाणी शिंपडणे.'

खोकं गराजमध्ये, घराच्या भिंतीला लागून ठेवलंय. तिथं पारा सात अंशांच्या आसपास असतो. परवानगी मिळाली आहे. आईचं विमान येत्या शनिवारी.