शेवटचे काही मिलिग्रॅम

डिप्रेशनची गोळी एकाएकी बंद करू नका. परदेशात राहणाऱ्या आणि भारतातून येताना गोळ्यांच्या स्ट्रिप्स बॅगेत घालून आणणाऱ्या आपल्या माणसांना मला हे अगदी कळकळीने सांगायचं आहे. माझ्या बाबतीत हॅम्बर्गला जे झालं ते टाळता येण्यासारखं होतं.

माझी गोळी पुण्यात सुरू झाली होती. एकाच गोळीत एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम. अशा जोडगोळ्या भारतात सर्रास लिहून दिल्या जातात. जर्मनीत त्या मिळत नाहीत आणि पोस्टाने मागवायला परवानगी नाही. प्रवासात स्वतःपुरता मर्यादित साठा तेवढा आणता येतो. माझा साठा संपत आला तेव्हा मनोविकारतज्ज्ञांची वेळ कित्येक आठवड्यांनंतरची मिळाली होती. घरून फोनवर आई म्हणाली, ‘‘आता छान आहेस ना बाळा, मग कशाला त्या गोळ्या?’’ तिचं म्हणणं मायेचंच होतं. स्ट्रिप संपली आणि गोळी थांबली.

थोड्याच दिवसांत चक्कर सुरू झाली. यू-३ ही मेट्रो बाउमवाल ते लांडुंग्सब्र्युकन एल्बे नदीच्या काठाने, उंचावरून जाते. खिडकीतून बंदराकडे नजर वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका यायचा. नुसते डोळे फिरवले तरी यायचा. रात्री भयंकर स्पष्ट स्वप्नं, सकाळी मळमळ, दिवसभर कारण नसताना रडू आणि चिडचिड. आजार परत आला, आता जन्मभर सुटका नाही, असंच मी आणि माझा नवरा धरून बसलो होतो. शेवटी आमच्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘शेवटची गोळी कधी घेतलीत?’’ दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून देऊन पुन्हा सुरू केली आणि चक्कर, झटके पाहता पाहता ओसरले.

ही खूण लक्षात ठेवा. औषध थांबवल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. मूळ आजारात कधी नव्हत्या अशा गोष्टी त्यात असतात (विजेसारखे झटके, चक्कर, मळमळ) आणि औषध पुन्हा घेतलं की तो लवकर शमतो. आजार उलटतो तो सहसा सावकाश, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि आपल्या ओळखीचा चेहरा घेऊन येतो: झोप उडणं, कशातच मन न लागणं, तोच जुना जडपणा. दोन्हींची सरमिसळही होऊ शकते, म्हणून निवाडा डॉक्टरांवर सोडावा. पण शेवटच्या गोळीची तारीख त्यांना सांगितल्याशिवाय तो निवाडा होणार नाही.

सगळ्यांनाच असा त्रास होतो का? नाही. बर्लिन आणि कोलोनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ७९ अभ्यास एकत्र तपासले. औषध थांबवणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली. पण नकली गोळी (प्लासिबो) थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना जाणवली. तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. त्या एकात आपण असलो तर बाकीच्या चौतिसांचा आपल्याला उपयोग नसतो, हे खरं. तरीही सतराचा तो आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण धास्तीनेही शरीर बिघडतं. आमच्या हॅम्बर्गमध्येच एपेंडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयात इव्होन नेस्टोरियुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग आखला: काहींना औषध कधी थांबतंय हे सांगायचं, काहींना नाही, आणि अपेक्षेचा त्रासावर किती परिणाम होतो ते मोजायचं.

औषध कमी करताना गोळी अर्धी, मग पाव, मग बंद, हा हिशोब आपल्याला सरळ वाटतो. मेंदूतला हिशोब तसा चालत नाही. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या लंडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त हे मांडलं. हॉरोविट्झ यांना स्वतःला डिप्रेशनचं औषध सोडताना फार त्रास झाला होता. सिटालोप्राम हे माझ्या औषधाचं सख्खं भावंड. त्याचे २० मिलिग्रॅम मेंदूतल्या सेरोटोनिन-वाहकांपैकी (ज्यांना अडवून ही औषधं काम करतात) साधारण ८० टक्के अडवतात, ९ मिलिग्रॅम ७० टक्के, आणि जेमतेम साडेतीन मिलिग्रॅमसुद्धा निम्मे अडवतात. म्हणजे वीसवरून नऊवर येताना मेंदूला फारसं कळत नाही, आणि शेवटच्या साडेतीनवरून शून्यावर आलं की निम्मा आधार एका झटक्यात निघतो. म्हणून शेवटी पावलं लहान, आणखी लहान करत जायची. पुढे मी औषध रीतसर कमी केलं तेव्हा माझे डॉक्टर दोन पावलांमध्ये काही आठवडे जाऊ देत. एखादं पाऊल झेपलं नाही तर आधीच्या डोसवर परत जायचं, थांबायचं आणि पुढचं पाऊल छोटं घ्यायचं, असं आमचं ठरलं होतं.

इथे जर्मनीत एक सोय कामाला आली. एस्सिटालोप्राम थेंबांच्या रूपातही मिळतं; एका थेंबात एक मिलिग्रॅम. गोळीचे तुकडे करत बसण्यापेक्षा थेंब मोजणं कितीतरी सोपं. तुमच्या औषधाचं असं द्रव रूप आहे का, हे आपोथेकेत (औषधांच्या दुकानात) आणि डॉक्टरांना विचारा. व्हेन्लाफॅक्सिनसारख्या हळूहळू विरघळणाऱ्या कॅप्सूल मात्र कुटू किंवा चावू नका. आणि ‘एक दिवसाआड घे, मग दोन दिवसांआड’ हा आपल्याकडचा लोकप्रिय सल्ला मानू नका. व्हेन्लाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन ही औषधं शरीरातून झपाट्याने जातात; दिवसाआड घेतली तर रोज चढउतार सोसावा लागतो. फ्लुओक्सेटिन बराच काळ रेंगाळतं, म्हणून ते तुलनेने सोपं जातं.

जोडगोळी घेणाऱ्यांनी हे तर जपलंच पाहिजे: क्लोनाझेपाम एकदम सोडल्यास फिटसुद्धा येऊ शकते. दोन्ही औषधं एकाच वेळी कमी करू नयेत. आधी कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. भारतातून निघतानाच गोळीवरचं नाव पुरेसं न समजता, आत काय काय किती आहे ते लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या.

आणि औषध सोडायलाच हवं असं नाही. इंग्लंडमध्ये ४७८ जणांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. ज्यांना डिप्रेशन वारंवार येऊन गेलंय त्यांनी ‘गोळ्या खाते’ या टोमण्यापायी औषध सोडण्याचं कारण नाही. सोडायचं ठरलंच तर काळ पाहून सोडा. इथे डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मी वसंताची वाट पाहिली. नोकरी बदलण्याच्या किंवा घर हलवण्याच्या दिवसांतही मी हे केलं नसतं.

घरातल्या एकाला सगळं माहीत हवं. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद होता: तारीख, थेंब, झोप, चक्कर, मन. मी विसरायचे, नवरा लिहायचा. आईलाही व्हिडिओ कॉलवर सगळं समजावलं. नंतर तीच विचारायची, ‘‘आज किती थेंब?’’ जीव नकोसा वाटू लागला तर कागद बघत बसायचं नाही, थेट ११२ ला फोन. टेलिफोनझेलझॉर्गे ही इथली मानसिक आधाराची हेल्पलाइन, ०८०० १११ ० १११, दिवसरात्र चालू असते. भारतात टेलिमानस, १४४१६. शेवटचा थेंब थांबल्यावरही डॉक्टरांच्या भेटी पुढचे काही महिने चालू ठेवा, आणि पुढची तारीख आजच घेऊन ठेवा, कारण इथे ती लवकर मिळत नाही.