अंगणातील तगर : ओळख, लागवड आणि निगा

घरापुढे एखादे फुलझाड असणे ही वरवर पाहता हौसेची बाब वाटते. परंतु त्यासाठी तीन गोष्टी आधी असाव्या लागतात : हक्काची जागा, हक्काचे पाणी आणि वर्षभर घरी राहण्याची शाश्वती. सार्वजनिक विहिरीत ज्यांना पोहरा सोडण्याची मनाई होती, कोणी वरून ओतील तेवढेच पाणी ज्यांच्या घागरीत पडे, त्यांनी फुलझाडाला पाणी कोठून घालावे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. मात्र तिसरी गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना आजही लाभलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघालेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते आणि तोवर दाराला कुलूप असते. म्हणूनच, कमी पाण्यावर तग धरणारे, आटोपशीर आणि बारमाही हिरवे असे कोणते झुडूप आपण अंगणात लावू शकतो, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर तगर हे आहे.

ओळख

तगर हे कण्हेर, सदाफुली, करवंद आणि चाफा यांच्या कुळातील झुडूप होय. पाने गडद हिरवी व तकतकीत असतात. फुले पांढरी, भिंगरीसारख्या किंचित पिळलेल्या पाच पाकळ्यांची असतात. अनेक पाकळ्यांची दुहेरी तगरही आढळते. उन्हाळा व पावसाळ्यात बहर अधिक असतो. मोकळे वाढू दिल्यास ती पुरुषभर उंचीच्या वर जाते. छाटणीने तीन-चार फुटांवर राखता येते. लहान अंगणासाठी बुटकी जात अधिक सोयीची. पान तोडताच पांढरा चीक येतो, त्यामुळे शेळ्या सहसा तिला तोंड लावीत नाहीत. आपल्या वस्तीत हा गुण फार मोलाचा आहे.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात सुगंधी वस्तूंमध्ये तगराचे नाव येते. तथापि, आयुर्वेदात तगर या नावाने हिमालयातील एका वेगळ्याच वनस्पतीची सुवासिक मुळे ओळखली जातात. केवळ नामसाम्यावरून अंगणातील तगर आणि ग्रंथातील तगर एकच मानणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

जागा व माती

सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी घराची पूर्वेकडील बाजू उत्तम. भिंतीपासून किमान दोन-अडीच फूट अंतर ठेवावे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही गोष्टी मुळांना बाधक आहेत. म्हणून दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी मूळची माती, पाव भाग बारीक मुरूम आणि पाव भाग पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. अशा वेळी पाणी वाढवू नये, शेणखत वाढवावे.

लागवड व पाणी

आषाढ-श्रावणात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पक्व फांदी घ्यावी. खालची पाने काढून दोन पेरे मातीत जातील अशी ती पिशवीत लावावी व सावलीत ठेवावी. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. ज्यांना कारखान्यावर जावयाचे आहे, त्यांनी हे रोप त्याच वर्षी जमिनीत लावू नये. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे किंवा शेजारी ते पिशवीतच जगवावे व पुढच्या जूनमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर, अंगणात लावावे. तगर जगते की मरते, हे बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच ठरते.

निघण्यापूर्वी आळे पूर्ण भिजवून त्यावर पालापाचोळा किंवा सोयाबीनच्या भुशाचा चार बोटे थर द्यावा. वाळवी लागू नये म्हणून तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा. खोडापासून फूटभर अंतरावर जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे व तोंड झाकावे. पाणी हळूहळू झिरपते, आणि घरी राहिलेल्या वृद्धांना रोज बादली उचलावी लागत नाही. भाजी व धान्य धुतलेले पाणी निःसंकोच घालावे; साबण-सोड्याचे पाणी मात्र सतत घातल्यास माती खारावते.

निगा

माघ-फाल्गुनात हलकी छाटणी करावी. नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून अधूनमधून शेंडे खुडल्यास झुडूप दाट होते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि झाडाचा कोणताही भाग लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण तगर खाण्याचे झाड नव्हे. पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. कधी बोटाएवढी जाड, हिरवी, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली अळी पाने फस्त करताना दिसेल. ती एका देखण्या हिरव्या पतंगाची अळी होय. विष फवारण्याऐवजी तिला मोठ्या झाडावर सोडावे. मुलांना जीवशास्त्राचा एक पाठ घरबसल्या मिळेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

आपल्या अंगणातील तगरीला पहिली कळी कोणत्या तारखेस आली, आठवड्यास किती पाणी लागले आणि कुटुंब बाहेरगावी असताना तिची देखभाल कोणी केली, याची नोंद वर्षभर वहीत ठेवावी. घर, पाणी आणि स्थलांतर यांचा तो आपल्या कुटुंबाने लिहिलेला इतिहास ठरेल. माजी विद्यार्थ्यांनीही या पावसाळ्यात आपल्या झाडाच्या दोन फांद्या दोन घरी द्याव्यात. त्यातले एक घर दिवाळीनंतर कुलूपबंद होणारे असावे, आणि त्या रोपाचा पहिला उन्हाळा सांभाळण्याची जबाबदारी देणाऱ्याने स्वतः घ्यावी.