मूळ हरपलेल्या ग्रंथाचे भाषांतर

बौद्ध वाङ्मयाकडे वळणाऱ्या भारतीय वाचकापुढे आरंभीच एक चमत्कारिक परिस्थिती उभी राहते. या देशात संस्कृतात रचले गेलेले कित्येक ग्रंथ आज केवळ चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या रूपाने उरले आहेत. अशा ग्रंथाचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास मूळ कशाला मानावे?

असंगाच्या 'अभिधर्मसमुच्चया'चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ह्युएन त्संगाने सन ६५२ मध्ये या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले; तिबेटीतही तो पूर्ण आहे. संस्कृत मूळ मात्र नष्ट झाले असेच समजले जाई. पुढे राहुल सांकृत्यायनांना तिबेटात त्याची खंडित पोथी आढळली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वा. वि. गोखले यांनी तिच्यातील उपलब्ध भाग १९४७ साली प्रसिद्ध केला. तो संपूर्ण ग्रंथाच्या सुमारे दोनपंचमांश भरतो. पानांवर जे होते तेवढेच गोखल्यांनी दिले. १९५० साली शांतिनिकेतनातून प्रल्हाद प्रधान यांची आवृत्ती निघाली. तीत उरलेला भाग तिबेटी व चिनी भाषांतरांच्या आधारे पुन्हा संस्कृतात रचलेला आहे. प्रधानांनी ही गोष्ट लपविली नाही. परंतु ग्रंथ एकदा सलग छापला गेला की वाचकाची नजर सांधा शोधीत बसत नाही, आणि विसाव्या शतकातील विद्वानाचे वाक्य चौथ्या शतकातील आचार्याच्या नावावर उद्धृत होऊ लागते.

तिबेटी भाषांतरकारांनी नवव्या शतकाच्या आरंभी 'महाव्युत्पत्ती' हा पारिभाषिक कोश सिद्ध केला होता. त्यामुळे उलट वाट पुष्कळशी सुकर होते. तरीही 'मिग्पा' या एकाच तिबेटी शब्दामागे 'आलंबन' असू शकते, तसेच 'उपलंभ'ही. चिनीतील 'श्यांग' कधी 'लक्षण' असतो, तर कधी 'निमित्त'. अभिधर्मासारख्या शास्त्रात, जेथे सारा वाद व्याख्यांवरच चालतो, तेथे या दोहोंतील निवड म्हणजे सिद्धान्ताचीच निवड होय.

१९७६ साली पाटण्याहून या ग्रंथाचे संस्कृत भाष्य प्रसिद्ध झाले आणि प्रधानांच्या पुनर्रचनेची काही ठिकाणी पडताळणी करता येऊ लागली. २०११ पासून ली श्वेझू या चिनी संशोधकाने मूळ ग्रंथाची आणखी काही पानेही प्रकाशात आणली.

मराठी भाषांतरकाराला येथे एक खास मोह असतो. (हिंदी किंवा बंगालीतही तो असणारच.) पुनर्रचित संस्कृतातील शब्द त्याला जसाच्या तसा उचलता येतो, तो तत्सम म्हणून मराठीत सहज खपूनही जातो, आणि एका विद्वानाचा तर्क असंगाची परिभाषा होऊन बसतो. म्हणून जो भाग पोथीत नाही त्याचे भाषांतर तिबेटी व चिनीवरूनच करावे, तसे स्पष्ट नमूद करावे, आणि अनुमानाने घेतलेल्या प्रत्येक संस्कृत शब्दाआधी तारका घालावी. पान थोडे विद्रूप दिसेल, एवढेच.