‘लिंग’ या शब्दाचा अर्थ आणि शाळाप्रवेश

भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमात केवळ धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून राज्याने नागरिकांत भेदभाव करू नये, असे सांगितले आहे. शासकीय व अनुदानित संस्थांतील प्रवेशासंबंधीच्या २९ व्या कलमात मात्र धर्म, वंश, जात व भाषा ही चारच कारणे येतात. ‘लिंग’ हा शब्द तेथे नाही. हा फरक कागदापुरताच राहिला नाही. मद्रास विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांतील मुलींच्या प्रवेशावर निर्बंध घातला, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने त्या शब्दाच्या अभावाकडेच बोट दाखवून विद्यापीठाची बाजू ग्राह्य धरली.

करवीर संस्थानात शब्दांचा असा काथ्याकूट होण्यापूर्वीच छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. आणि १९१८ साली पुत्र शिवाजीराजे निवर्तल्यावर विधवा स्नुषा इंदुमतीदेवी यांच्या अध्ययनाची व्यवस्था सोनतळी येथे केली. राजघराण्याची रूढी त्यांनी आड येऊ दिली नाही.

त्या काळी वाद होता तो मुलींना शिकवावे की नाही हा. अलीकडील वाद निराळा आहे: मुलगा कोणास म्हणावे व मुलगी कोणास, हे ठरवावयाचे कशावरून? जन्मवेळच्या शरीररचनेवरून, असे एका पक्षाचे म्हणणे. मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, वसतिगृहे व क्रीडास्पर्धा याच भेदावर उभ्या आहेत, असे तो दाखवितो. आणि स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास संविधानाचीही अनुज्ञा आहे. दुसरा पक्ष व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या जाणिवेस प्रमाण मानतो. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ व्या कलमातील ‘लिंग’ या शब्दात अशा जाणिवेचाही समावेश होतो, असे ठरविले. त्यानंतर २०१६ च्या विधेयकातील ‘पूर्णतः स्त्री नाही, पूर्णतः पुरुष नाही’ अशा धाटणीच्या व्याख्येवर कठोर टीका होऊन ती बदलावी लागली. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना शिक्षणसंस्थांत भेदभावाने वागविण्यास मनाई केली. तथापि २०२१ साली याच विषयावर शिक्षकांसाठी निघालेली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेची पुस्तिका हरकती येताच संकेतस्थळावरून काढण्यात आली. ज्यांच्यासाठी ती होती, त्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी ती पाहिलीही नसेल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात बालक म्हणजे सहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, असे म्हटले होते. हजेरीपटही तोच भेद धरून चालतो. परंतु व्याख्येचा निकाल लागेपर्यंत बालकास उंबरठ्याबाहेर उभे करण्याचा अधिकार शिक्षकाला कोठेही दिलेला नाही. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध केला आहे. छळाचा आरंभ पुष्कळदा नपुंसकलिंग शिकविण्याच्या तासालाच होतो. उदाहरणादाखल फळ्यावर लिहिलेला शब्द मधल्या सुटीत कोणाचे तरी टोपणनाव होतो. ‘ते मूल’ हे उदाहरण घेतल्यास नियमही कळतो व कोणास हसूही येत नाही.

पालकांनी नोंदीत बदल मागितल्यास शिक्षकाने स्वतःच्या हाताने दाखलनोंदवहीत खाडाखोड करू नये. लेखी अर्ज घेऊन तो मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. उत्तर येईपर्यंत त्या मुलाची बसण्याची जागा, हजेरी व पोषण आहाराचे ताट पूर्ववत चालू राहावे.